मार्का आणि माल



माणसाला भुका दोन. एक पोटाची, ती भाकरीनं भागते. दुसरी नावाची, तिला गावच्या सगळ्या भिंती पुरत नाहीत. जयंतीचा फ्लेक्स बघा. बाबासाहेब कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढे. शुभेच्छुक मधोमध, हात जोडून, दरवाज्याएवढा. बारक्या पोराला वाटावं, जयंती ह्याचीच.

गोदीत आम्ही खोकी उचलतो. प्रत्येक खोक्यावर मार्का असतो. जुना पुसून नवा मारला म्हणून आतला माल बदलत नाही. वजन तर नाहीच नाही. ते पाठीला कळतं.

आता नगरचं घ्या. ३१ मे २०२३ ला मुख्यमंत्री चौंडीत बोलले, जिल्ह्याला अहिल्याबाईंचं नाव देऊ. ऑक्टोबर २०२४ ला काम फत्ते. धनगराच्या लेकीनं राज्य चालवलं, तिचं नाव लागलंच पाहिजे. पण सोळा महिन्यांत! मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव २७ जुलै १९७८ चा. वस्त्या जळाल्या, माणसं मेली, आणि १४ जानेवारी १९९४ ला हातात पडला तो नामविस्तार. साडेपंधरा वर्षं. सरकारचा पेन तोच, आपल्या वेळी शाई का गोठते?

चौंडी जामखेड तालुक्यात. त्याच तालुक्यात खर्डा. २८ एप्रिल २०१४ ला तिथं आपल्या सतरा वर्षांच्या पोराचा खून झाला. साक्षीदार फितूर झाले. नोव्हेंबर २०१७ ला नगरच्या कोर्टातून आरोपी सुटले. जिल्ह्याला नवं नाव सापडलं, मारणाऱ्याचं नाव सापडलं नाही.

डिसेंबर २०२० मध्ये सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. चांगलं झालं. पण पाटी बदलली म्हणून महारवाडा उठून वेशीच्या आत येत नाही.

हसताय? थांबा, आता आपली पाळी. १९५७ ला रिपब्लिकन पक्ष निघाला. पुढं पक्षापेक्षा त्याच्या नावापुढचे कंसच जास्त झाले. ज्याला त्याला आपलं नाव कंसात पाहिजे. कंसात माणसं मावतात, समाज मावत नाही. पँथर १९७२ ची, १९७४ ला फुटली. पोलिसांच्या लाठीनं जे जमलं नाही, ते आपल्या 'मी'नं केलं.

म्हणून सांगतो, नाव मागा. तो हक्क आहे, खैरात नाही. पण नाव मिळालं की गुलाल उधळून घरी जाऊ नका. खोकं फोडा. जमीन, नोकरी, न्याय, काय काय आहे ते मोजून घ्या. मगच पोचपावतीवर सही करा.

जय भीम!