हिशेब आपला, अवजार दुसऱ्याचे

(सहकारी संस्था व लघुउद्योग यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले हे भाषण. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती टाळून ते येथे देत आहोत.)



मी कलाशाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने पत्रकार. संगणकाची आज्ञावली कशी लिहावी, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु संस्था कशा उभ्या राहतात आणि कोठे अडतात, हे पाहणे हा माझ्या व्यवसायाचा भाग आहे. त्या अंगाने एकच प्रश्न आपणापुढे ठेवणार आहे. ज्या साधनाने आपण आपली हिशेबव्यवस्था बांधली, ते साधन त्याच्या मालकानेच सोडून दिले, तर आपले काय होते?

आपल्यापैकी अनेकांच्या कार्यालयांत संगणक आला तो १९९०च्या दशकात. गावोगावच्या संगणकवर्गांच्या पाट्यांवर तेव्हा डीबेस आणि फॉक्सप्रो ही नावे ठळक अक्षरांत असत. दुकानातील माल, कामगारांचे पगार, पतसंस्थेच्या ठेवी, शाळेची फी अशा कितीतरी कामांसाठी फॉक्सप्रोत आज्ञावल्या लिहिल्या गेल्या. त्यांतील काही आजही चालू आहेत. म्हणून उदाहरण फॉक्सप्रोचेच घेऊ.

मालक बदलला, मार्ग बदलला

वेन रॅटलिफ या अमेरिकी अभियंत्याने केलेल्या कामातून डीबेस जन्मले. ॲश्टन-टेट कंपनीने ते विकले आणि ते जगभर पसरले. ओहायो राज्यातील पेरिसबर्गच्या फॉक्स सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने त्याच धर्तीचे, पण कितीतरी वेगवान साधन बनवले. त्या कंपनीचे प्रमुख डेव्ह फुल्टन हे पेशाने प्राध्यापक होते. पुढे १९८८ साली आलेली डीबेसची चौथी आवृत्ती दोषांनी भरलेली निघाली, ॲश्टन-टेटची पत घसरली आणि १९९१मध्ये बोरलँडने ती कंपनी विकत घेतली. लगेच १९९२मध्ये मायक्रोसॉफ्टने फॉक्स सॉफ्टवेअर घेतली. दोन वर्षांच्या आत दोन्ही प्रतिस्पर्धी साधनांचे मालक बदलले. ज्यांचे रोजचे हिशेब त्यांवर अवलंबून होते, त्यांना कोणी विचारले नाही. विचारण्याचे कारणही नव्हते, कारण विकत घेतला होता तो वापराचा परवाना. साधनाच्या भवितव्यात ग्राहकाचा वाटा नव्हता.

मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रो लगेच बंद केले नाही. १९९५मध्ये व्हिज्युअल फॉक्सप्रो आले, सुधारणा होत राहिल्या, २००४च्या अखेरीस नववी आवृत्ती आली. पण त्याच कंपनीकडे ॲक्सेस होते, एसक्यूएल सर्व्हर होते आणि २००२पासून डॉट नेट ही नवी व्यवस्था होती. मार्च २००७मध्ये कंपनीने जाहीर केले की दहावी आवृत्ती निघणार नाही. जगभरच्या प्रोग्रामरांनी, विशेषतः स्पॅनिशभाषकांनी, विनंतीची निवेदने दिली. काही पूरक भागांची मूळ आज्ञावली खुली झाली, परंतु मुख्य गाभा बंदच राहिला. १३ जानेवारी २०१५ रोजी उरलेसुरले साहाय्यही संपले.

यात कंपनीने कायदा मोडला असे नाही. वस्तू तिची होती, निर्णय तिचा होता. अडचण झाली ती आपल्या बाजूने, कारण जे आपले नव्हते ते आपले आहे असे आपण धरून चाललो.

‘चालतंय ना, मग चालू द्या’

असे साधन एका दिवसात बंद पडत नाही, हाच त्यातील खरा धोका. सकाळी कार्यालय उघडते, पावत्या निघतात, दिवसाची बेरीज जुळते. बदलाचा खर्च पुढच्या वर्षावर ढकलला जातो. दरम्यान वाळवी चार ठिकाणी लागलेली असते.

पहिले ठिकाण यंत्राचे. डॉससाठी लिहिलेली जुनी १६ बिटची आज्ञावली ६४ बिटच्या विंडोजवर थेट चालत नाही, आणि २०२१मध्ये आलेली विंडोज ११ केवळ ६४ बिटचीच आहे. विंडोज १०चे नियमित साहाय्य ऑक्टोबर २०२५मध्ये संपले. व्हिज्युअल फॉक्सप्रोमधील कामे नव्या यंत्रांवर आजही चालतात, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण नवा दोष आढळला तर तो दुरुस्त करणारा मालक आता नाही. शिवाय एका तक्त्याची फाइल दोन गिगाबाइटच्या पलीकडे वाढू शकत नाही. संस्था वाढते, मर्यादा तेथेच राहते.

दुसरे ठिकाण कायद्याचे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि प्रत्येक बिलाचा साचा बदलला. ऑगस्ट २०२३पासून पाच कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना इतर व्यावसायिकांना केलेल्या विक्रीसाठी ई-बीजक सक्तीचे झाले. सरकारी संकेतस्थळाशी बोलणे जुन्या साधनाला जन्मतः ठाऊक नाही. ते ठिगळ लावून शिकवावे लागते. कायदा मात्र आपल्या आज्ञावलीचे वय विचारत नाही.

तिसरे ठिकाण भाषेचे, आणि ते आपल्याला अधिक जवळचे. फॉक्सप्रोला युनिकोड मुळातून अवगत नाही. म्हणून सभासदांची मराठी नावे त्या त्या कंपनीच्या खास फाँटच्या सांकेतिक खुणांत साठवली गेली. तो फाँट नसेल तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग दिसते. माहिती शाबूत असते, पण ती वाचण्याची किल्ली हरवलेली असते.

चौथे ठिकाण माणसांचे, आणि सर्वांत गंभीर. नवी मुले फॉक्सप्रो शिकत नाहीत, आणि त्यांनी का शिकावे? ज्याने आज्ञावली लिहिली तो गृहस्थ निवृत्तीला आला आहे. व्याज कोणत्या तारखेपासून धरायचे, मुदतीआधी ठेव मोडल्यास किती कापायचे, हे नियम कागदावर कोठेच नाहीत. ते त्या आज्ञावलीत आहेत आणि त्या एका माणसाच्या डोक्यात. उद्या तो आजारी पडला, तर ठेवीदाराला खिडकीवर काय उत्तर देणार? ज्या विधवा भगिनीचे घर महिन्याच्या व्याजावर चालते, तिला फॉक्सप्रोचा इतिहास सांगून भागणार नाही.

मग करावे काय?

घाईने सारे मोडू नका. जुन्या आज्ञावलीत वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव साठलेला असतो. तो न समजता नवी व्यवस्था आणली, तर चालते काम बिघडते. क्रम लावून काम करा.

प्रथम मूळ आज्ञावली, म्हणजे सोर्स कोड, आपल्या ताब्यात घ्या. चालणारा कार्यक्रम म्हणजे घराची किल्ली. सोर्स कोड म्हणजे घराचा नकाशा. भिंत फोडून दुरुस्ती करायची तर नकाशाच लागतो. करार करतानाच ही अट लेखी घाला.

दुसरे, माहिती बाहेर काढून पाहा. सुदैवाने फॉक्सप्रोचे डीबीएफ तक्ते इतर अनेक साधनांनी, लिब्रेऑफिससारख्या मोफत साधनानेही, उघडता येतात. मराठी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि पडताळणीसाठी नावे सभासदांच्या नोंदवहीशी ताडा.

तिसरे, नियम साध्या मराठीत लिहून काढा. हे काम जुना प्रोग्रामर आणि संस्थेचा अनुभवी लेखापाल यांनी शेजारी बसून करायचे आहे. आज दोघेही आहेत, म्हणून आजच करायचे आहे.

चौथे, नवी व्यवस्था एका विभागापासून सुरू करा. काही महिने जुने व नवे दोन्ही चालवा, प्रत्येक महिन्याची तेरीज जुळवा, आणि मगच जुने थांबवा.

नवे साधन निवडताना केवळ किंमत पाहू नका. मालकाने सोडले तर पुढे कोण चालवील, हे विचारा. मायएसक्यूएल हे विदासंग्रहाचे साधन आधी सन कंपनीकडे आणि २०१०मध्ये ओरॅकलकडे गेले. पण त्याची मूळ आज्ञावली खुली होती, म्हणून त्याच्या मूळ कर्त्यांनी २००९मध्येच मारियाडीबी ही वेगळी शाखा काढली. फॉक्सप्रोच्या वापरकर्त्यांना ती वाट मोकळी नव्हती. अर्थात खुले साधनही सांभाळणारी माणसे नसतील तर ओस पडते. तेव्हा ‘खुले’ हा शब्द ऐकून निर्धास्त होऊ नका. सांभाळणारे कोण आणि किती, हे पाहा.

मित्रहो, संस्थेच्या वार्षिक सभेत इमारतीच्या डागडुजीची तरतूद आपण न विसरता करतो. यंदाच्या विषयपत्रिकेवर आणखी एक विषय घ्या: आपली आज्ञावली कोणत्या साधनात आहे, तिचा सोर्स कोड कोणाकडे आहे, आणि ती समजणारी माणसे किती आहेत? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘एक’ असेल, तर हा विषय पुढच्या वर्षावर ढकलू नका.