अण्णांसाठी एक मासिक

(दहावी १९९६ च्या तुकडीतील माजी विद्यार्थिनीने मेळाव्यात केलेले भाषण)

एवढ्या वर्षांनीसुद्धा मागचाच बाक शोधून बसलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांचा फोन आला, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर बोल." मी म्हटलं, त्यावर बोलणारे घरोघरी झालेत. गेल्या वर्षी मी एका मासिकाची वर्गणी भरली, त्यावर बोलते. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "दहा मिनिटांत आवर."

मासिक आहे छोट्या रेल्वेचं, म्हणजे टेबलावर मांडायच्या नमुन्याच्या रेल्वेचं. आता हे खूळ माझ्या डोक्यात कसं शिरलं ते सांगते.

माझे वडील, अण्णा, इथल्याच नॅरोगेजच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. तुमच्यापैकी निम्म्यांचे वडील रेल्वेतच होते, त्यामुळे जास्त सांगायला नको. आई गेल्यावर दोन वर्षांपूर्वी मी त्यांना पुण्याला आणलं. सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, ओळखीचं कुणी नाही. पेपर वाचून झाला की दिवस संपला. बोलणं "जेवलो", "झोपतो" एवढ्यावर आलं. सकाळची गोळी घेतली की नाही, हे विसरायला लागले होते.

त्याच सुमारास माझ्या मुलाला वाढदिवसाला कुणीतरी आगगाडीचा संच दिला. लंबगोल रूळ, एक इंजिन, तीन डबे. पोराचा उत्साह चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी इंजिन बंद पडलं, आणि अण्णांनी चष्मा पुसला, माझा छोटा स्क्रूड्रायव्हर मागून घेतला आणि ते उघडलं. चाकांना केस गुंडाळले गेले होते. ते काढून इंजिन चालू केलं, आणि बघत बसले. नंतर आम्ही कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय बघायला गेलो. १९९८ पासून आहे ते, पुण्यात राहून मी एकदाही गेले नव्हते. खेळ संपेपर्यंत अण्णा काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, "आपली बार्शी लाईट अशी करता येईल का गं?"

आता मी इंजिनिअर. "करता येईल का" असं कुणी विचारलं की आधी एक्सेल उघडायचं, ही आमची खोड. करायचं कसं, हे शिकवणारं काहीतरी दर महिन्याला घरी यायला हवं, म्हणून मी मासिकांचा तक्ता केला.

'रेल्वे मॉडेलर' हे इंग्लंडचं, १९४९ पासूनचं. डेव्हन परगण्यातल्या बीअर नावाच्या गावातून निघतं (हे गाव अण्णांना सांगताना मी नुसतं डेव्हन म्हणाले). 'मॉडेल रेलरोडर' अमेरिकेचं, त्याहून जुनं, १९३४ चं. पानं, किंमत, जुने अंक मिळतात का, विजेच्या जोडणीवर किती लिहितात, असे मी नऊ रकाने केले आणि प्रत्येकाला गुण दिले. अमेरिकन मासिक पहिलं आलं. मी खूश. कार्डाचा नंबर टाकायच्या आधी सहज म्हणून अण्णांना दाखवलं. त्यांनी पडद्यावरचं चित्र पाहिलं आणि एकच विचारलं, "गेज किती?"

नऊ रकान्यांत हा रकाना नव्हता.

मग मी गणित मांडलं, आणि खरी गंमत तिथे सुरू झाली. जगात सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण आहे एचओ, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. त्याच्या रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. त्याला ८७ ने गुणा, १४३५ येतात, म्हणजे युरोप-अमेरिकेची स्टँडर्ड गेज. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. ती या प्रमाणात सव्वाएकोणीस व्हायला हवी. म्हणून आपल्याकडचं इंजिन त्या रुळांवर ठेवलं की मोठ्या माणसाने लहान मुलाची चप्पल घातल्यासारखं दिसतं. अण्णांना संचातली गाडी पाहून काय खटकत होतं, ते मला तेव्हा कळलं.

बार्शी लाईटची गेज अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. अमेरिकेतली नॅरोगेज बहुतेक तीन फुटी, म्हणजे तिकडचं मासिक बाद. इंग्लंडमध्ये नॅरोगेजवाल्यांचा मोठा गोतावळा आहे. 'डबल-ओ-नाइन' म्हणतात त्या प्रकाराला. त्यांची १९७३ पासून संस्था आहे, सभासद झालं की मासिक मिळतं. पण त्यांचं प्रमाण १:७६, आणि रूळ ९ मिलिमीटरचे. आपल्या गाडीला त्या प्रमाणात बरोबर दहा लागतात. एक मिलिमीटरने काय होतं, असं मी म्हणाले. फिटर माणसापुढे असं बोलू नये.

उत्तर निघालं ऑस्ट्रियात. तिथल्या डोंगराळ भागातल्या छोट्या गाड्यांची गेज ७६० मिलिमीटर. बार्शी लाईटपेक्षा फक्त दोन मिलिमीटर कमी! ७६२ ला ८७ ने भागलं की पावणेनऊ येतात, आणि त्या गाड्यांसाठी एचओच्याच प्रमाणात, ९ मिलिमीटरच्या रुळांवर, युरोपात सगळं तयार मिळतं. म्हणजे आपल्याला वाचायला हवं होतं ऑस्ट्रियन नॅरोगेजवर. जर्मन मासिकं मला वाचता येत नाहीत. पण 'रेल्वे मॉडेलर' काढणाऱ्यांचंच 'कॉन्टिनेंटल मॉडेलर' नावाचं इंग्रजी मासिक आहे, ते ब्रिटनबाहेरच्या रेल्वेंसाठीच आहे. माझ्या तक्त्यात ते चौथं होतं.

तरीही महिनाभर मी वर्गणी भरली नाही. टपालखर्चासकट आकडा पाहिला आणि लॅपटॉप मिटला. डिजिटल अंक स्वस्त होता. पण टॅबलेटवर चित्र मोठं करताना अण्णांचं बोट भलतीकडे लागायचं, पान उडायचं, आणि ते टॅबलेट बाजूला ठेवून "राहू दे" म्हणायचे. हे "राहू दे" मला नको होतं.

मग जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला 'रेल्वे मॉडेलर'चा एक सुटा, कोपरे दुमडलेला अंक मिळाला. त्यात इंग्लंडच्या स्टॅफर्डशरमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड नावाच्या छोट्या लाईनवरचा लेख होता. अण्णांना इंग्रजी वाचता येत नाही. चित्रं बघत बघत ते एका इंजिनपाशी थांबले. म्हणाले, "हे आपल्याकडचं आहे." मी म्हटलं, "नाही अण्णा, इंग्लंडचं आहे." ते म्हणाले, "मग कपाळावर एवढा मोठा दिवा कशाला? तिकडं कुठं असतो असला दिवा?"

मी शोधलं. १८९७ मध्ये आपली बार्शी लाईट ज्यांनी बांधली ते एव्हरार्ड कॅलथ्रॉप, त्यांनीच पुढे इंग्लंडला जाऊन ती लाईन उभी केली. १९०४ मध्ये सुरू झाली, १९३४ मध्ये बंद पडली. गेज तीच, अडीच फूट. इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीची. बार्शी लाईटची पहिली इंजिनंही तिथलीच. आणि तो मोठा दिवा इकडच्याच पद्धतीचा. कुर्डुवाडीचा नमुना इंग्लंडला गेला होता, आणि तो ओळखला आमच्या अण्णांनी, एक अक्षर न वाचता.

कॅलथ्रॉप यांचं डोकं मात्र मानलं पाहिजे. त्यांनी एक अट धरली, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. इंजिन असो, मालडबा असो. त्यामुळे यार्डाला तीस पौंडांचा हलका रूळ पुरला. आपल्याकडे वारीच्या दिवसांत टपावरसुद्धा माणसं बसायची, तेव्हा आसावर किती टन होते हा प्रश्न मी अण्णांना विचारला. "मोजायला कुणी नव्हतं," म्हणाले.

त्या रात्री मी 'कॉन्टिनेंटल मॉडेलर'ची छापील अंकांची वर्गणी भरली. एक्सेल तसंच राहिलं.

अंक आला की रविवारी मी मराठीत सांगत वाचते आणि अण्णा चुका काढतात. मी 'बॅलास्ट'ला दगडगोटे म्हणाले, तर ते म्हणाले, "खडी." गाडी मागे-पुढे करून डबे लावणे असं मी लांबलचक सांगायला लागले, तर म्हणाले, "शंटिंग म्हण की सरळ." ऑस्ट्रियातल्या एका शेडचा नकाशा आला तेव्हा त्यांनी कॅलेंडरचं मागचं पान काढलं आणि आपली शेड काढायला बसले. रूळ किती, पिट कुठे, पाण्याचा नळखांब कुठे, सगळं. तासाभरात पान भरलं.

आता मी इथे खरी कशासाठी उभी आहे ते सांगते. दिवाळीनंतर त्यांनी तीच शेड पुन्हा काढली, पहिली काढल्याचं विसरून. दोन्ही पानं मी जवळजवळ ठेवली. पहिल्यात नळखांब शेडच्या डाव्या अंगाला आहे, दुसऱ्यात उजव्या. पहिल्यात पाच रूळ आहेत, दुसऱ्यात चार. कुठलं बरोबर हे त्यांना विचारायचा मला धीर झाला नाही. नॅरोगेज या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली, त्यामुळे जाऊन बघायलाही काही उरलेलं नाही. जगातलं कुठलंही मासिक आपल्या शेडचा नकाशा छापणार नाही. असला तर तो तुमच्या घरी आहे.

पंढरपूरच्या सहलीचे फोटो आठवा. कुणाच्या मुंजीचे, कुणाच्या काकांच्या सेवानिवृत्तीचे. आपण सगळे पुढे उभे आहोत आणि मागे शेड, रूळ, एखादा डबा अर्धवट आलेला आहे. तो अर्धवट भाग मला हवा आहे. फोटो देऊ नका, इथेच मोबाइलवर काढून घेते. चहाच्या टेबलाशेजारी मी स्कॅनर घेऊन बसणार आहे. ज्यांचे वडील किंवा काका शेडला होते आणि आज इथे आलेत, त्यांनी दोन मिनिटं बसावं. ती दोन्ही पानं मी आणली आहेत. नळखांब कुठल्या बाजूला होता, एवढं आधी सांगा.

अण्णा तिसऱ्या रांगेत बसलेत. त्यांच्यासमोर दोन्ही पानं एकदम काढू नका.