छपराखालचें विमान

भिवंडी तालुक्यांतील खारबाव हें वसई-दिवा लोहमार्गावरचें गांव. पावसानें एकदां ठाण मांडलें कीं येथील भातखाचरें तुडुंब भरतात, आणि विजेवर चालणारें, रेडिओनें हांकलें जाणारें चिमुकलें विमान उडविण्याचा नाद ज्या मुलाला लागला असेल त्याचे पुढचे तीन-चार महिने वायां जातात. पाऊस उघडला तरी वारा असतोच, आणि पतंगास जो वारा हवासा वाटतो तोच ह्या विमानाचा वैरी. उपाय एकच : विमान छपराखालीं आणणें. तेथें तें कोलांट्या घेतें, पाठीवर उडतें, हवेंत उभें राहतें. ह्या कसरतींचें जागतिक अजिंक्यपद २०१३ सालापासून खेळलें जात आहे.

बंद दालनांत विमान मावतें तरी कसें, ही शंका रास्त आहे. उत्तर वजनांत आहे. पंखांचें क्षेत्रफळ तेंच ठेवून वजन चौथाईवर आणलें, तर तरंगण्यास लागणारा वेग निम्म्यावर येतो आणि वळण्यास लागणारी जागा चौथाईवर. स्पर्धेंतलीं विमानें शंभर ग्रॅमहूनहि हलकीं असतात आणि माणसाच्या चालीनें उडतात. नवशिक्यास ८० सेंटिमीटर पंखविस्ताराचें, दीडशे ग्रॅमच्या आंतबाहेरचें विमान पुरे. परंतु तो हौसेनें रंगाचे दोन हात देतो, गोंद ओततो, मोठी बॅटरी बसवितो, आणि मग विमान भिंतीकडे धांव कां घेतें म्हणून चकित होतो.

हीं विमानें दोन जातींच्या फोमचीं असतात. एक थर्माकोलचा सख्खा भाऊ : ताठ, हलका, पण आपटला कीं मोडणारा. बाजारांतला झटपट चिकटणारा गोंद त्याला खाऊन टाकतो; त्यासाठीं निराळा गोंद घ्यावा लागतो. दुसरा पॉलिप्रॉपिलीनचा, तो थोडा जड, परंतु वांकतो आणि पुन्हा सरळ होतो. पहिलें विमान ह्या दुसऱ्याचेंच असावें. पुष्कळ मुलांची हौस पहिल्याच आपटण्यांत संपते, आणि घरच्यांनीं काटकसर करून दिलेले पैसे त्याबरोबर जातात. म्हणून विमान विकत घेण्यापूर्वीं संगणकावरील अभ्यास-विमान कांहीं आठवडे उडवावें. तेथें शंभर वेळां आपटलें तरी कांहीं मोडत नाहीं.

विमान हांकण्यांत खरी फसगत होते ती दिशेची. विमान दूर जात असतांना उजवें तें उजवें असतें. तोंड हांकणाऱ्याकडे वळलें कीं सारें उलटें. आरशांत पाहून दाढी करूं लागलेल्या पोरासारखी त्याची गत होते. त्यावर जुन्या लोकांची एक युक्ति आहे : विमान समोरून येत असतां जो पंख खालीं झुकलेला दिसेल, त्याच बाजूला दांडी ढकलावी, म्हणजे तो पंख वर येतो. ही गोष्ट बोटांत मुरेपर्यंत कसरतीचें नांव काढूं नये.

आधीं संथ वर्तुळें, दोन्ही बाजूंनीं. मग इंग्रजी आठाचा आंकडा. मग उभी कोलांटी. आणि शेवटीं नाक वर करून पंख्यावर लोंबकळणें. ह्या शेवटच्या प्रकारास मोटरीची ओढ विमानाच्या वजनाहून चांगलीच अधिक लागते. विमान बोटांनीं हलकेंच उभें धरून मोटर वाढवावी. वजन हातावरून उतरलें तर ओढ आहे. उड्डाणापूर्वीं दोन बोटांवर पंख टेकून तोलहि पाहावा. शेंपटीकडे जड असलेलें विमान कोणाचेंच ऐकत नाहीं.

आतां जागा. भिवंडीच्या परिसरांत गोदामांची वाण नाहीं. पण बहुतेक मालानें भरलेलीं. रिकामें असेल तें सुटीच्या दिवशीं मालकाच्या संमतीनें मिळालें तर उत्तम, नाहीं तर शाळेचें सभागृह किंवा बॅडमिंटनचें दालन. बॅडमिंटनचें एक मैदान १३.४० मीटर लांब व ६.१० मीटर रुंद असतें. नवशिक्यास अशीं दोन-तीन शेजारीं शेजारीं हवींत. छताचे पंखे बंद ठेवावेत, आणि पाहणाऱ्या मुलांना हांकणाऱ्याच्या मागें उभें करावें. पंखा लहान असला तरी डोळ्याला तो लहान नाहीं.

छपराखालीं वा छपरावर विमानाचा ध्यास घेणें महाराष्ट्राला नवें नाहीं. कांदिवलीच्या चारकोप भागांत कॅप्टन अमोल यादव यांनीं घराच्या गच्चीवर बांधलेलें सहा आसनी विमान २०१६ सालीं मुंबईच्या प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें. छोट्या विमानाला तेवढा खटाटोप नको; २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणें २५० ग्रॅमपर्यंतचें यान उडविण्यास परवाना लागत नाहीं. मात्र उघड्यावर नेण्यापूर्वीं सरकारी नकाशांत ती जागा निषिद्ध नाहीं ना, हें पाहावें.

एका बाबतींत मात्र हयगय चालत नाहीं, आणि ती ह्या सूत-कापडाच्या मुलुखांत तर मुळींच नाहीं. विमानांतली लिथियमची बॅटरी दोन घटांची, ७.४ व्होल्टची असते, भरल्यावर ८.४. त्यापुढें भरली, टोंचली किंवा चेपली तर ती पेट घेते. ती फुगली कीं पुन्हा भरूं नये. भरतांना दोन्ही घट समान भरणारा चार्जर वापरावा, बॅटरी फरशीवर, वाळूच्या बादलीजवळ ठेवावी, आणि कोणीतरी मोठ्या माणसानें शेजारीं बसून राहावें. कापडाच्या गठ्ठ्यांजवळ ती कधींहि भरूं नये. गोदामांत उडवावयाचें असेल, तर बॅटऱ्या घरींच भरून न्याव्यात आणि परततांना मोजून आणाव्यात.