मांडवातली जागा



या विनोदी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद आपण मला दिलंत, त्याबद्दल मी आपल्या सर्वांच्या ऋणात आहे.

संमेलनाची तारीख ठरल्यापासून आपल्यातले अनेक जण एक प्रश्न विचारत आहेत. 2025च्या सप्टेंबरात अतिवृष्टीनं मराठवाड्यात हाताशी आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं, जमिनी खरडून गेल्या, दावणीची जनावरं वाहून गेली. त्या मातीत उभं राहून हसण्याचा सोहळा करावा का? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर दिल्याशिवाय पुढं बोलण्याचा मला अधिकार नाही.

माझं उत्तर असं: सोहळा जरूर करावा, पण ज्याच्यावर वेळ आली आहे, त्याला त्यात मानाची जागा हवी. ती देता येत नसेल, तर मांडव घालू नये.

1897 साल आठवा. पुण्यात प्लेगनं थैमान घातलं होतं. तपासणीसाठी गोरे सोजीर थेट माजघरापर्यंत शिरत होते. रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुल्यांना प्लेगनं गाठलं आणि 10 मार्चला त्या गेल्या. त्याच पुण्यात 22 जूनला गणेशखिंडीच्या सरकारी निवासात राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव थाटात झाला. परतताना प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या, हे आपण शाळेत शिकतो. पण गावात इतकी माणसं नुकतीच मेली असताना रोषणाई करणाऱ्यांचं मन किती निबर झालं असेल, याचा विचार उत्सव करणाऱ्या प्रत्येकानं केला पाहिजे.

त्याआधी नऊ वर्षं, 1888 मध्ये, पुण्यातच राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ समारंभ झाला. भरजरी पोशाखांच्या त्या गर्दीत जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि पाहुण्यांना त्यांनी सांगितलं, की इथं जमलेली मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे. खरी रयत बघायची तर खेड्यात चला. जोतीरावांनी समारंभाकडे पाठ फिरवली नाही. जो शेतकरी तिथं नव्हता, त्याला ते सोबत घेऊन गेले.

विनोदाचीही आपली परंपरा हीच आहे. तमाशात गण, गवळण झाली की बतावणी येते आणि वगात सोंगाड्या राजालाही सोडत नाही. दिवसभर दुसऱ्याच्या बांधावर राबलेला माणूस रात्री त्या हजरजबाबीपणावर खळखळून हसतो, कारण त्याला जे पाटलासमोर बोलता येत नाही, ते सोंगाड्या भर फडात बोलून दाखवतो. अण्णा भाऊ साठे यांनी हा साज लोकनाट्यात घेतला. तिथं सावकार आणि दौऱ्यावर निघालेले मंत्री हास्याचे धनी झाले; कामगार आणि शेतकरी मात्र कधी थट्टेचा विषय झाले नाहीत. हसू कुणावर आणि हसणारा कोण, एवढं पाहिलं तरी विनोदाची जात कळते.

अलीकडचं उदाहरण 2020चं. करोनाच्या त्या वर्षी लालबागच्या राजाच्या मंडळानं मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला आणि रक्त व प्लाझ्मा दानाची शिबिरं घेतली. उत्सवातली माणसं, त्यांची शिस्त, त्यांची उमेद तीच राहिली. ती रुग्णांच्या कामी आली.

दुःख दिसत असताना हसणं हा गुन्हा नाही. माणूस रडून थकतो, पण त्याला उद्या पुन्हा रानात उतरायचंच असतं. त्यासाठी लागणारं बळ हसण्यातूनही येतं. मात्र त्यासाठी लेखकानं आधी बांधावर जाऊन खरडलेली जमीन डोळ्यांनी पाहिली पाहिजे, पंचनाम्याच्या रांगेत उभ्या असलेल्यांचं ऐकलं पाहिजे. न पाहता केलेला विनोद त्यांना टोचतो.

म्हणून संयोजकांकडे माझ्या दोन मागण्या आहेत. आज संध्याकाळच्या कथाकथनाची सुरुवात पूरग्रस्त गावांतून आलेल्या लेखकांनी करावी आणि वेळेची घाई त्यांना करू नये. शाल-श्रीफळ आणि हारतुऱ्यांचा खर्च वाचवून, ज्या शाळांची पुस्तकं भिजली त्यांच्या ग्रंथालयांना द्यावा. त्यात माझं मानधन मी आजच जमा करतो.

एवढं केलंत, तर या मांडवात पोट धरून हसताना कुणालाही संकोच वाटायचं कारण नाही. मनमोकळं हसा, आणि उद्या इथून त्या गावांकडे चला.