लेकराच्या अंगावरचा उन्हाळा

मार्च उजाडला की आमच्या सोलापुरात माणसं एकमेकांची ख्यालीखुशाली विचारायच्या आधी पारा विचारतात. 'आज किती?' 'एक्केचाळीस.' 'मग कालच्यापेक्षा बरं म्हणायचं.' मे महिन्यात ४२-४३ अंशांचं आम्हाला नवल वाटत नाही. पण त्या आकड्याबद्दलची एक गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही. हवामान खात्याचा तापमापक सावलीत असतो. हवा खेळती राहील अशा झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर. तीन वर्षांचं पोर जेमतेम एक मीटर उंच. त्याचं डोकं त्या पेटीच्या पायांपाशी येतं आणि सावली त्याच्या नशिबी असतेच असं नाही. डांबरी रस्त्याची, फरशीची धग सरळ त्याच्या तोंडावर येते. म्हणजे पेपरातला आकडा मोठ्या माणसांचा. लेकराचा आकडा वेगळा, आणि तो कुठं छापून येत नाही.

अशा उन्हात आपण या लेकराच्या अंगावर काय चढवतो, एवढंच आज बोलायचं आहे.

श्रोतेहो, मी कवी आहे. डॉक्टर नाही की हवामानतज्ज्ञ नाही. या विषयावर बोलायचा माझा अधिकार एवढाच, की मी एका टेलरचा मुलगा आहे आणि एका नातीचा आजोबा. टेलरच्या मुलाला जे कळायला हवं होतं ते आजोबाला वेळेवर सुचलं नाही. ती हकिगत पुढे येईलच.

विजापूर वेशीत आमच्या अब्बांचं छोटं दुकान होतं. मी सांगतो आहे ते साल १९७५-७६ असेल. गावात गिरण्यांचे भोंगे वाजत होते आणि त्याच गावातल्या लोकांना टेरिलीन-टेरिकॉटचं वेड लागलं होतं. इस्त्री मोडत नाही, रंग उतरत नाही, दोरीवर टाकलं की तासाभरात वाळतं. मोठ्यांचे शर्ट अब्बा निमूट शिवून द्यायचे. पण कुणी रांगत्या-चालत्या पोरासाठी ते कापड आणलं की त्यांचा पाय मशीनवरून खाली यायचा. ते कापड आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला घासायचे, मग गिऱ्हाइकाच्या मनगटावर. बोलायचे काहीच नाहीत. थोड्या वेळानं गिऱ्हाईकच म्हणायचं, 'खरखरतंय होय?' बऱ्याचदा ते कापड थोरल्याच्या शर्टाला जायचं आणि धाकट्यासाठी वायल नाहीतर मलमल यायची. झबलं शिवताना अब्बा शिवण बाहेरच्या अंगाला ठेवायचे, म्हणजे आत टोचायला काही नको. बटणाच्या जागी बंद. आणि मापापेक्षा चांगलं चार बोटं सैल. 'बच्चे का कपडा बच्चे से बडा होना,' असं ते म्हणायचे. अंग आणि कापड यांच्यामध्ये हवेला जागा पाहिजे, हा त्याचा अर्थ. मला तेव्हा वाटायचं, पोर वाढतं म्हणून म्हणत असतील.

आपल्या मराठी घरांमधून तर बाळाला पहिल्यांदा कोरं कापड घालायचीच रीत नव्हती. आजीच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचं झबलं, त्याचीच टोपरी, त्याचंच दुपटं. आमच्याही घरी अम्मीच्या सुती साडीचं तेच व्हायचं. हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही २०२४ साली मी तो फ्रॉक घेतला.

चांद्र वर्ष आपल्या नेहमीच्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असतं, त्यामुळं ईद दरवर्षी मागे सरकते आणि काही वर्षं ऐन उन्हात सापडते. २०२२ला ती ३ मे रोजी होती, २०२३ला २२ एप्रिलला, २०२४ला ११ एप्रिलला. नात तेव्हा चार वर्षांची. दुकानात टांगलेला तो फ्रॉक मला परीचा वाटला. वर जाळी, खाली सॅटिन, त्याखाली अस्तर आणि घेर फुगून राहावा म्हणून आत कडक जाळीचा आणखी एक थर. कमरेला पट्टा, गळ्याला चमकीचे मणी, पाठीला चेन. सोबत नायलॉनचे मोजे आणि चकाकते बूट. चौदाशे रुपये मोजले आणि स्वतःवरच खूश होऊन घरी आलो.

'चुभता, नाना,' असं ती सकाळीच म्हणाली होती. टोचतंय. मी म्हटलं, 'आज ईद है बेटा, थोडी देर.' मग आम्ही नातलगांकडे निघालो. प्रत्येक घरी 'माशाअल्ला, कशी दिसतेय', प्रत्येक घरी शीरखुर्मा आणि ईदी, प्रत्येक घरी फोटो. बाराच्या सुमारास चौथ्या घरी तिनं वाटी ढकलून दिली. तिच्या आईनं दटावलं, मीही डोळे वटारले. त्यानंतर पोर गप्प झालं. मांडीवर डोकं टाकून पडून राहिलं. शहाणी झाली म्हणून आम्हाला बरं वाटलं. श्रोतेहो, या 'बरं वाटण्याची' मला आजही लाज वाटते. पाऊण तासानं तिला उलटी झाली. हात लावला तर तोंड तापलेलं, मान ढिली.

दवाखाना जवळच होता. तिथल्या नर्सबाईंनी नाव विचारायच्या आधी पाठीची चेन खाली ओढली. फ्रॉक काढला, मोजे काढले, ओल्या फडक्यानं अंग पुसलं, पंख्याखाली ठेवलं, मग घोट-घोट क्षारसंजीवनी. तासाभरात ती डोळे उघडून 'घर चलो' म्हणाली. पाठीवर चेनची लालभडक रेघ, कमरेला पट्ट्याचा वळ आणि मानेवर घामोळ्यांत उमटलेली जाळीची नक्षी. मी ते बघत उभा होतो. चेन पाठीमागे होती. चार वर्षांच्या पोराचा हात तिथं पोचत नाही. आपल्याला उकडलं तर आपण वरचं बटण काढतो, बाह्या दुमडतो, उठून पंख्याखाली बसतो. ती यातलं काहीच करू शकत नव्हती. ती 'टोचतंय' म्हणाली, मग रडली, मग वाटी ढकलली. तिच्याकडे होते तेवढे शब्द तिनं वापरले होते.

डॉक्टर नंतर शांतपणे म्हणाले ते सांगतो. लहान मुलाच्या वजनाच्या मानानं त्याची कातडी जास्त असते. त्यामुळं बाहेर अंगापेक्षा जास्त तापलं की ती धग त्याच्यात लवकर शिरते. वर त्याला घामही आपल्याइतका सुटत नाही. आणि घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. वाळताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. माठातलं पाणी असंच गार होतं. माठाला बाहेरून प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून ठेवा आणि संध्याकाळी पाणी पिऊन पाहा. आम्ही पोराला चार थरांची पिशवीच गुंडाळली होती. सुती कापड घाम पितं आणि हवेत सोडतं. पॉलिएस्टर तो जवळजवळ पीतच नाही.

आणि एक, हे जरा ध्यानात ठेवाच. उन्हातून आलेलं पोर मलूल पडलं, तापलं, उलट्या करू लागलं, बराच वेळ लघवीला गेलं नाही, तर आधी सावली, मग अंगावरचे कपडे काढणं, ओलं फडकं, वारा आणि लगेच डॉक्टर. हाकेला ओ देत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. १०८ला फोन करा.

आता प्रश्न असा, की हे आईबापांना सांगायचं कसं? 'सुती, सैल, फिक्या रंगाचे कपडे घाला' हे वाक्य दर उन्हाळ्यात पेपरात येतं, दवाखान्याच्या भिंतीवर असतं. ते वाचूनही लग्नाच्या मांडवात तीन वर्षांचा नवरदेव शेरवानी आणि फेटा घालून घामाघूम उभा असतोच. मला उत्तर मिळालं ते आमच्या घरामागच्या वस्तीतल्या अंगणवाडीत.

तिथल्या बहुतेक आया विड्या वळणाऱ्या, नाहीतर यंत्रमाग कारखान्यात कांड्या भरणाऱ्या. मुलं मात्र एप्रिलमध्येसुद्धा चकचकीत फ्रॉकात, जीनच्या पँटीत, कुणी तर जॅकेटात. सेविकाताईंनी आधी खूप सांगून पाहिलं. बैठकीत सांगितलं, तक्ता लावला. आया माना डोलवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी एका आईनं मनातलं बोलून टाकलं, 'ताई, जुनं-पानं घातलं तर लोक म्हणतील, हिच्याकडं पोराला घालायला बी काही नाही.' ताई मला म्हणाल्या, 'सर, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी त्यांना ऊन सांगत होते, त्यांना भीती लोकांची होती.'

मग ताईंनी वेगळाच निरोप धाडला. 'उद्यापासून मुलं मातीत, पाण्यात, रंगात खेळणार. चांगले कपडे घालू नका, खराब झाले तर मला बोलू नका. थोरल्या भावंडाचं विटलेलं सुती असेल तर उत्तम.' दुसऱ्या दिवशी अर्धी अंगणवाडी जुन्या, सैल, धुऊन मऊ झालेल्या कपड्यांत हजर. आठवडाभरात उरलेली. जुनं घालण्याला आता कारण मिळालं होतं, आणि ते गरिबीचं नव्हतं. बोल लावायचाच तर ताईंना लावा. आणखी एक युक्ती त्या करतात. मुलाला न्यायला आई, आजी, बाप कुणीही आलं की म्हणतात, 'जरा मानेखाली कॉलरच्या आत हात घाला बघू.' हात चिकट, गरम होऊन बाहेर येतो. पुढं ताई काही बोलत नाहीत. मला अब्बांचं मनगट आठवलं.

शिकल्या-सवरलेल्या आपल्यासारख्यांचं प्रकरण जास्त अवघड आहे. नात ज्या बालवाडीत जायची तिथं टाय, बूट, मोजे आणि टेरिकॉटचा गणवेश. मी दोन-चार पालकांना घेऊन भेटायला गेलो. बाई म्हणाल्या, 'आमची काही हरकत नाही, पण पालकांनाच टाय हवा असतो.' पालक म्हणाले, 'आम्हाला कुठं हवाय, शाळेचा नियम आहे.' आमचं सोलापूर तर गणवेश शिवणाऱ्यांचं गाव, म्हणून एका कारखानदार मित्रालाही विचारलं, लहानांचा गणवेश सुती का करत नाही? तो म्हणाला, 'चाचा, पालक दुकानात आधी कापड मुठीत चुरगाळून बघतात. सुती चुरगाळलं की ठेवून देतात.' म्हणजे दोष कुणाचाच नाही आणि टाय मात्र पोराच्या गळ्यात. शेवटी मी अर्ज लिहिला आणि तीसेक पालकांनी सह्या केल्या. माझ्या कुठल्याही कवितेला एवढे वाचक एका दिवसात मिळालेले नाहीत. मार्चपासून सुट्टी लागेपर्यंत टाय आणि मोजे बंद झाले, सँडल चालू लागल्या. कापड अजून तेच आहे. पुन्हा अर्ज करणार आहे.

एका गैरसमजाबद्दल मात्र बोललं पाहिजे. उन्हाळा म्हणजे पोराला उघडं ठेवणं, असं काहींना वाटतं. घरात, सावलीत, पंख्याखाली ते ठीक आहे. नुसतं बिनबाह्यांचं झबलं आणि सुती चड्डी पुरे. भर दुपारी डायपरही नको. पण उन्हात बाहेर काढायचं असेल तर उघड्या हातापायांवर ऊन सरळ बसतं. शेतकऱ्याची सैल पैरण, डोक्याचं मुंडासं, हे उगीच आलेलं नाही. तेव्हा बाहेर जाताना सैल, पातळ, पूर्ण बाह्यांचं सुती, आणि डोक्यावर काठाची टोपी. काठ हवाच, नाहीतर कान आणि मान भाजतात. दुपारी स्कूटरवर पुढं पोर उभं करून निघणाऱ्या बापांनी एवढं लक्षात ठेवावं, की झळ आधी त्याला लागते, मग तुम्हाला. आणि ओढणीनं त्याचं नाक-तोंड घट्ट बांधू नये. खरं तर दुपारी नेऊच नये. पण सगळ्यांना ते जमतं असं नाही.

त्या फ्रॉकचं काय झालं, असं कुणी विचारेल. तो जानेवारीतल्या एका लग्नात तिनं हौसेनं घातला. तोवर आखूड झाला होता.

२०२५ची ईद ३१ मार्चला आली. बायकोची एक हातमागाची जुनी साडी होती, पिवळट, काठ झिजलेली. अब्बांच्या मशीनला मी तेल घातलं आणि कित्येक वर्षांनी बसलो. खालची पट्टी वाकडी आली, गळा जरा मोठा झाला. शिवण बाहेरच्या अंगाला ठेवली. बंद पुढच्या बाजूला, तिचे हात पोचतील असे. ईदच्या दिवशी तिच्या एका मावशीनं विचारलंच, 'अगं, उलटा घातलायस का फ्रॉक?' ती म्हणाली, 'नानाने उलटाच सिया.' दुपारभर गल्लीतून ईदी गोळा करत हिंडली आणि आल्यावर तोच फ्रॉक अंगात ठेवून झोपली. मी हळूच मानेखाली हात घालून पाहिला. घाम होता, पण गार होता.