कापसाच्या मुलखांतून पावसाच्या बेटावर

मुंबईहून जपानच्या कोबे बंदराकडे जाणारा नियमित जहाजमार्ग १८९३ सालीं सुरू झाला. जमशेटजी टाटा यांच्या सहकार्यानें एका जपानी कंपनीनें तो काढला, आणि त्या जहाजांतून मुख्यत्वें गेला तो हिंदुस्थानचा कापूस. आज यवतमाळ जिल्ह्यांतील मारेगांवासारख्या कापूस पिकविणाऱ्या गांवाहून एखादें कुटुंब जपानांतील याकुशिमा बेटाकडे निघालें, तर त्याला मात्र उलट सल्ला द्यावा लागतो. डोंगर चढावयाचा असेल तर अंगावरचा कापूस घरींच ठेवावा.

याकुशिमा हें क्यूशूच्या दक्षिणेस सुमारें ६० किलोमीटरांवर आहे. बेट लहान, पण त्याच्या मध्यावर १,९३६ मीटर उंचीचें शिखर उभें आहे. समुद्रावरून येणारे ओले वारे या डोंगरांना अडतात व तेथेंच रिते होतात. त्यामुळें किनाऱ्यावर वर्षाकाठीं ४,००० मिलिमीटरांहून अधिक, आणि डोंगरांत ८,००० ते १०,००० मिलिमीटर पाऊस पडतो. मारेगांवच्या बाजूस सबंध वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरांच्या आसपास, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. याकुशिमाला कोरडा असा महिनाच नाहीं.

या बेटावरील वनांस १९९३ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला. ‘जोमोन सुगी’ नांवाचा पुरातन वृक्ष पाहण्यास प्रवासी पहांटे निघतात. जाऊन येऊन सुमारें २२ किलोमीटर चालावें लागतें, आणि त्यास दहा तास लागतात. वृक्ष सुमारें १,३०० मीटर उंचीवर आहे. दर शंभर मीटरांमागें साधारण अर्धा ते पाऊण अंश उष्णता कमी होते, म्हणजे तेथें किनाऱ्यापेक्षां सातआठ अंश गार असतें. विदर्भाच्या उन्हांत सुती सदरा घाम शोषून अंग गार ठेवतो. तोच त्याचा गुण येथें घातक ठरतो. भिजलेलें सूत लवकर वाळत नाहीं, अंगाला चिकटून राहतें आणि शरीराची ऊब ओढून घेतें. आधीं हुडहुडी भरते, मग पावलें अडखळूं लागतात, आणि शेवटीं विचारशक्तिही मंदावते. भर उन्हाळ्यांतही हा धोका टळत नाहीं.

म्हणून अंगालगत लवकर वाळणारें कृत्रिम धाग्याचें किंवा पातळ लोकरीचें वस्त्र असावें. वर लोकरीचा स्वेटर, आणि त्यावर सदरा व विजार असा दोन भागांचा पावसाळी पोषाख घ्यावा. अरुंद वाटेवर छत्रीचा उपयोग थोडाच. मोज्यांचे दोन जादा जोड, एक कोरडा सदरा, विजेरी आणि दुपारचें खाणें पाण्यापासून सुरक्षित अशा पिशवींत बांधावें. पायांत घोट्याला आधार देणारे बूट असावेत. हे बूट व पावसाळी कपडे बेटावर भाड्यानेंही मिळतात. तेव्हां एका दिवसासाठीं घरचा पैसा खर्चण्याचें कारण नाहीं.

औषधांविषयीं विशेष सावध असावें. आपल्याकडे सर्दीवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या कांहीं गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतें. तें दहा टक्क्यांहून अधिक असलेलें औषध जपानांत नेण्यास बंदी आहे. नित्याचीं औषधें चिठ्ठीसह मूळ वेष्टनांत ठेवावींत. एक महिन्याहून अधिक पुरवठा न्यावयाचा तर आधीं परवानगी काढावी. ताजीं फळें व भाज्या नेऊं नयेत. मात्र शाकाहारी माणसानें चिवडा, भाजलेले शेंगदाणे व कोरडी चटणी अवश्य घ्यावी, कारण साध्या दिसणाऱ्या जपानी सारांतही बहुधा सुक्या माशांचा अर्क असतो. वीज तेथें १०० व्होल्टची आहे व खिट्टी दोन चपट्या पात्यांची. वादळामुळें बोटी रद्द होतात, म्हणून दोन दिवसांचीं औषधें आणि थोडे रोख येन जादा असावेत.

पावसाळी पोषाख घरचाच न्यावयाचा असेल, तर निघण्यापूर्वीं त्याची परीक्षा मारेगांवांतच करावी. तो अंगावर चढवून घरांतील एकानें नळाखालीं पंधरा मिनिटें उभें राहावें. आंतला सदरा ओला झालाच, तर तो वाळत घालावयास अंगणांत भरपूर ऊन आहे.