ट्रंकचा दोष कोणत्या टोकाला?



‘लाइन खराब आहे’ ही तक्रार म्हणून ठीक आहे, निदान म्हणून तिचा काही उपयोग नाही. दोन गावांतले टेलिफोनचे मोठे स्विच जोडणाऱ्या ट्रंकला बोलताना आपण एक लाइन म्हणतो, पण त्या असतात दोन: एक जाणारी, एक येणारी. स्विचला फक्त येणारी ऐकू येते. आपण पाठवलेलं पलीकडे धड पोचलं का, हे पलीकडच्याने सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही. एवढं मनात पक्कं ठेवलं, तर पडद्यावरचे चुकांचे आकडे वाचता येतात.

आपल्याकडे आणि युरोपात ट्रंकचं मूळ माप ई-वन. अमेरिकेत आणि जपानमध्ये टी-वन. ई-वनवरून सेकंदाला 20,48,000 बिट धावतात. सेकंदाला 8000 फ्रेम, प्रत्येक फ्रेममध्ये 32 टाइमस्लॉट, प्रत्येकात 8 बिट. पहिला स्लॉट, म्हणजे शून्य क्रमांकाचा, फ्रेम कुठे सुरू होते ते ओळखण्यासाठी राखलेला. सिग्नल आलाच नाही, किंवा आला पण फ्रेमची सुरुवात सापडली नाही, की त्या टोकाला लाल अलार्म लागतो. तो लागलेला स्विच जाणाऱ्या लाइनवरून पलीकडे कळवतो की मला तुझं ऐकू येत नाही. हा निरोप ज्याला मिळतो, त्याच्याकडे पिवळा अलार्म.

म्हणजे पिवळा अलार्म दिसणाऱ्या टोकाला ऐकू येतंय. ऐकू येतंय म्हणून तर निरोप पोचला! बिघाड आहे तो त्याच्याकडून जाणाऱ्या वाटेवर: त्याच्या पाठवणाऱ्या पोर्टपासून पलीकडच्या घेणाऱ्या पोर्टपर्यंत कुठेही. तरीही पिवळा दिसला की त्या टोकाची येणारी केबल हलवून पाहण्यात तास जातात. तिसरा अलार्म निळा. वाटेतल्या एखाद्या मल्टिप्लेक्सरला त्याच्या मागून काही येईनासं झालं की तो पुढे नुसते एक-एक-एक पाठवत राहतो. निळा दिसला, तर त्या मल्टिप्लेक्सरपासून तुमच्यापर्यंतची वाट शाबूत आहे. शोध त्याच्या पलीकडे घ्यायचा.

लाइन पूर्ण बंद पडली तर शोध त्या मानाने सोपा. त्रास देते ती चालू असलेली, पण चुकणारी लाइन. इथे दोन आकडे शेजारी ठेवून वाचायला हवेत. तांब्याच्या तारेवर स्पंदनं आळीपाळीने अधिक आणि उणे अशी जातात. सलग चार शून्यं आली तर त्यांच्या जागी ठरावीक खुणेचा नमुना घालतात, नाहीतर पलीकडच्याला ताल सापडत नाही. हा नियम मोडलेला दिसला की कोड व्हायोलेशन मोजलं जातं. पण वाटेतलं प्रत्येक उपकरण सिग्नल नव्याने घडवून पुढे पाठवतं, त्यामुळे व्हायोलेशन फक्त शेवटच्या तारेवरचं दिसतं. दुसरा आकडा सीआरसीचा, म्हणजे पडताळणीची बेरीज न जुळलेल्या गठ्ठ्यांचा. त्याचं तसं नाही. ती बेरीज पाठवणारा दर मिलिसेकंदाच्या गठ्ठ्यावर करतो आणि वाटेत कोणी ती नव्याने केली नाही, तर ती थेट तुमच्यापर्यंत येते.

म्हणून दोन्ही आकडे एकत्र वाढत असतील तर दोष जवळ आहे: सैल कनेक्टर, डिस्ट्रिब्यूशन फ्रेमवरची वाईट जोडणी, पावसात पाणी शिरलेला जॉइंट. सीआरसी वाढतोय आणि व्हायोलेशन शून्य, तर तुमची तार निर्दोष आहे. चूक आधीच झालेली आहे. माझ्या मते ट्रंकवर काम करणाऱ्याला आधी शिकवावी ती ही जोडी. याने अर्धी वाट एका नजरेत बाद होते.

आता स्लिप. इथे तार, कनेक्टर, कार्ड सगळं ठीक असतं आणि तरी चुका होतात. येणारे बिट पाठवणाऱ्याच्या घड्याळाने येतात, स्विच ते आपल्या घड्याळाने उचलतो. मध्ये एक छोटी टाकी असते. भरणं आणि उपसणं यांच्या वेगात जरा फरक पडला की ती कधीतरी ओसंडते किंवा रिकामी होते. त्या वेळी 256 बिटांची अख्खी फ्रेम टाकून दिली जाते किंवा दोनदा वाचली जाते. घड्याळांत दहा लाखांत एक भागाचा फरक असेल, तर हे दर 125 सेकंदांनी होतं. पन्नास भागांचा असेल, तर दर अडीच सेकंदांनी. उलट, दोन्हीकडे सर्वोच्च दर्जाची घड्याळं असली तर दोन स्लिपांमध्ये सत्तर-बहात्तर दिवस जातात.

बोलणाऱ्याला स्लिप म्हणजे जेमतेम एक ‘टिक्’. फॅक्समध्ये ओळी बिघडतात, मॉडेमचा संपर्क तुटू शकतो, डेटाची पॅकेटं पुन्हा पाठवावी लागतात. जीएसएमचे टॉवर तर आपली रेडिओ-वारंवारता या ट्रंकच्या घड्याळावरूनच बसवत आले. ट्रंकचं घड्याळ सरकलं की एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाणारे कॉल पडू लागतात आणि शोध मात्र अँटेनाजवळ सुरू होतो. अशा वेळी पाहायचं ते सेटिंग. एका टोकाने घड्याळ द्यायचं, दुसऱ्याने लाइनवरून घ्यायचं. दोघंही देत असतील तर स्लिप होणारच. दोघंही एकमेकांकडून घेत असतील तर घड्याळ कोणाचंच नाही आणि वारंवारता भरकटत जाते.

एवढं करूनही जागा सापडली नाही, तर लूप टाकायचा. आपल्या टोकापासून सुरुवात करून प्रत्येक डिस्ट्रिब्यूशन फ्रेमवर पाठवलेलं परत वळवायचं आणि टेस्टरने बिट मोजायचे. टेस्टरला त्या वेळी स्वतःचं घड्याळ द्या. लूपमध्ये लाइनवरून घड्याळ घ्यायला लावलं तर तो स्वतःच्याच मागे धावतो. ज्या लूपपर्यंत आकडा शुद्ध आणि पुढच्याला अशुद्ध, त्या दोघांच्या मधे माणूस पाठवायचा. आणि काउंटर शून्य करण्याआधी दोन्ही टोकांचे आकडे वेळेसह लिहून घ्या. बहुतेक ठिकाणी पहिलं बोट जातं ते नेमकं ‘क्लिअर’वर, आणि कोणत्या बाजूने ऐकू येणं बंद झालं होतं हे सांगणारा पुरावा तिथेच संपतो.